आज चार शब्द कळले

आमच्या लॅबमधल्या रक्त तपासणाऱ्या मोठ्या मशीनचं, अनालायझरचं, पुढचं झाकण उघडलं की आत डाव्या हाताला एक पिवळा स्टिकर दिसतो. काडेपेटीएवढा. त्यावर दोन ठसठशीत अक्षरं आणि खाली बारीक टायपात तीन ओळी. मशीन जपानी आहे. बाकी सगळ्या सूचना इंग्रजीत आहेत, हा एक स्टिकर तेवढा तसाच राहून गेलाय. आठ वर्षं मी ते झाकण उघडत होते, आतलं पुसून घेत होते, आणि त्या अक्षरांकडे भिंतीवरच्या जुन्या डागाकडे बघावं तसं बघत होते.

2022 च्या जानेवारीत एका नाइटला सॅम्पल फार नव्हती. मी फोनचा कॅमेरा त्या स्टिकरवर धरला. भाषांतर आलं, ‘सावधान’. अपेक्षितच होतं. पण खाली दोन्ही अक्षरांचे सुटे अर्थ दिले होते. पहिल्याचा अर्थ ओतणे. दुसऱ्याचा अर्थ मन, मनातला विचार. मन ओतलं की झालं लक्ष देणं. उच्चार ‘चूई’. मी झाकण उघडं धरून तशीच उभी राहिले. एवढी वर्षं हे वाक्य माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं आणि मला पत्ताच नव्हता.

त्या रात्री मी जपानी शिकायला घेतलं. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. जपानला जायचं नव्हतं, नोकरी बदलायची नव्हती.

सुरुवात कशी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि खरं तर सुरुवातीला कुणी काही सांगावंही लागत नाही. नवेपणाच आपल्याला ओढत नेतो. मला लिहायचंय ते पुढच्याबद्दल. विसाव्या महिन्याबद्दल, पंचविसाव्या महिन्याबद्दल. वह्या धूळ खात पडतात आणि कपाट उघडताना आपण तिकडे बघायचं टाळतो, तेव्हाबद्दल.

पण आधी थोडं पहिल्या वर्षाविषयी, कारण ते मला फार आवडलं.

जपानीत दोन वर्णमाला आहेत, हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी 46 मूळ अक्षरांच्या. मी हिरागानाचा तक्ता समोर ठेवला आणि मोठ्याने वाचायला लागले. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. चौथ्या-पाचव्या ओळीला थांबले. हा क्रम तर माझ्या ओळखीचा आहे! आधी स्वर, मग कंठापासून ओठांपर्यंत येणारी व्यंजनं, मग य-र-व. नंतर वाचलं तेव्हा कळलं की भास नव्हता. बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथले भिक्षू सिद्धम लिपी आणि तिच्याबरोबर संस्कृतचं वर्णशास्त्र शिकले, आणि त्यांच्या अक्षरांचा हा क्रम त्यातून आला. आपल्या ‘च’च्या जागी तिथे ‘सा’ बसलाय, ‘प’च्या जागी ‘हा’. पहिलीत बाईंनी छडीने दाखवत म्हणून घेतलेला तक्ता मला एक्केचाळिसाव्या वर्षी परत भेटला.

वाक्यं सुरू झाली तेव्हा तर घरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. ‘होन वा त्सुकुए नो उए नि आरु.’ शब्दावर शब्द ठेवून बघा. होन म्हणजे पुस्तक, त्सुकुए नो म्हणजे टेबलाच्या, उए नि म्हणजे वर, आरु म्हणजे आहे. पुस्तक टेबलाच्या वर आहे. काही हलवावंच लागत नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. ‘आमे गा फुरु तो ओमोउ’ म्हणजे पाऊस पडेल असं वाटतं, आणि त्यातला ‘तो’ नेमका आपल्या ‘असं’च्या जागी.

आणि ती जोडक्रियापदं! पाहणे म्हणजे ‘मिरु’. ‘योंदे मिरु’ म्हणजे वाचून पाहणे. पाहणे म्हणजे इथे डोळ्यांनी बघणं नाही, प्रयत्न करणं, आपल्यासारखंच. ठेवणे म्हणजे ‘ओकु’, आणि ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. ‘वासुरेते शिमाउ’ म्हणजे विसरून जाणे, म्हणजे नुसतं विसरणं नव्हे, विसरून मोकळं होणं. इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकात या एकेका रूपावर पानभर स्पष्टीकरण असतं. मी ते पान न वाचता पुढे जायचे. जपानी शिकायची असेल तर नियम इंग्रजीत वाचा, पण समजून घ्या मराठीतून. हा सल्ला मी कुणालाही छातीठोकपणे देईन.

तशीच ती जोडगोळीची शब्दं. गुरुगुरु म्हणजे गरगर. पिकापिका म्हणजे चकचक. छातीतली धडधड म्हणजे दोकिदोकी. रिमझिम पडला तर शितोशितो, धो धो पडला तर झाऽझाऽ. मी नाइटवरून घरी येताना हे शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत यायचे.

चित्रलिपीतली अक्षरं, कांजी, ही मात्र वेगळी गोष्ट. रोजच्या वापरासाठी म्हणून जपान सरकारने ठरवलेल्या यादीत 2010 पासून 2136 अक्षरं आहेत. त्यात एक ‘मात्सु’, थांबणे, वाट बघणे. एक ‘मोत्सु’, हातात धरणे, जवळ असणे. दोन्हींच्या उजव्या बाजूला एकच आकृती आहे, जिचा सुटा अर्थ देऊळ. फरक डावीकडे. आणि उच्चारही किती जवळचे! रविवारी मला ईमेल लिहिणाऱ्या एक जपानी बाई आहेत, अडुसष्ट वर्षांच्या. त्या हिंदी शिकतात, मी जपानी. त्यांची हिंदी मी तपासते, माझी जपानी त्या. पहिल्याच वर्षी मी त्यांना लिहिलं, बाहेर पाऊस असेल तर छत्री घेऊन जा. पण ‘मोत्ते’च्या जागी ‘मात्ते’ लिहिलं, अक्षरही तेच टाकलं. वाक्य झालं, छत्रीची वाट बघून जा. त्यांनी लाल रंगात समजावून सांगितलं: डावीकडे हात असेल तर धरायचं, डावीकडे पाऊल असेल तर थांबायचं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मला त्या अक्षरांचा कंटाळा आला नाही, याचं कारण माझं काम असावं. मी चोवीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावतेय. शिकाऊ असताना स्लाइडवरच्या सगळ्या पांढऱ्या पेशी एकसारख्या दिसतात. जांभळे ठिपके नुसते. लिम्फोसाइट कुठला आणि मोनोसाइट कुठला, हे सर दहा वेळा दाखवायचे आणि अकराव्या वेळी मी चुकायचे. मग एक दिवस असा येतो की चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. स्लाइड तीच, भिंग तेच, बदललेला असतो डोळा. कांजीत मला तेच व्हायला हवं होतं.

आता उतार.

2022 च्या डिसेंबरमध्ये मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-5 ही पहिली पायरी पास झाले. ही परीक्षा पाच पायऱ्यांची असते, एन-5 सगळ्यांत सोपी आणि एन-1 सगळ्यांत अवघड. 2023 च्या डिसेंबरमध्ये एन-4 ला बसले. जानेवारी संपता संपता निकाल आला. 180 पैकी 97. पास व्हायला 90 लागतात. तरीही नापास, कारण प्रत्येक विभागात किमान गुण लागतात, ऐकण्याच्या विभागात 60 पैकी 19. मला 17 होते. चूक सर्वस्वी माझीच होती. वर्षभर मी अक्षरं गिरवली, कार्डं फिरवली, व्याकरण केलं. सगळं डोळ्यांनी. भाषा कानाने ऐकलीच नव्हती.

मी कुणाशी फार बोलले नाही. पण त्या रात्री एक आकडा वाचला आणि तो डोक्यात बसला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेचा अंदाज असा की इंग्रजी भाषकाला जपानीत कामापुरतं पारंगत व्हायला सुमारे 2200 तास वर्गात बसावं लागतं. मी हिशोब केला. माझे रोजचे चाळीस मिनिटं, तेही नागा सोडून. म्हणजे दहा वर्षं. पन्नाशी ओलांडल्यावर. मराठीमुळे थोडी सूट धरली तरी सात-आठ. तो आकडा माणसांना तयारीत राहता यावं म्हणून काढलेला आहे, त्याचा दोष नाही. पण पडलेल्या माणसाने तो हातात घेऊ नये.

फेब्रुवारीत एक दिवस चुकला. फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये माझी सलग 211 दिवसांची साखळी होती, ती तुटली. मला वाटलं होतं वाईट वाटेल. प्रत्यक्षात सुटल्यासारखं वाटलं. आणि इथेच मला काहीतरी कळायला हवं होतं. ती साखळी मी भाषेसाठी सांभाळत नव्हते, साखळीसाठी सांभाळत होते. रात्री पावणेबारा वाजता डोळे मिटत असताना दोन सोपे प्रश्न सोडवून आकडा वाढवायचा, याला मी अभ्यास म्हणत होते. ज्यांना साखळीचा उपयोग होतो त्यांनी जरूर ठेवावी. माझा अनुभव एवढाच, की साखळी तुटली त्या दिवशी परत यायला दुसरं काही कारणच शिल्लक नव्हतं.

पाच महिने मी वही उघडली नाही. आळस म्हणावा तर रोजचं बाकीचं सगळं चालू होतं. पण जपानीचं नाव काढलं की छातीत थोडंसं दाटायचं. रविवारच्या ईमेलला उत्तर द्यायचं राहिलं, मग दुसऱ्या रविवारचं राहिलं, मग उशीर इतका झाला की उशिराचं कारण काय सांगायचं हाच प्रश्न होऊन बसला. भाषा सुटते ती अशी. अवघड आहे म्हणून सुटत नाही, लाज वाटते म्हणून सुटते. मला तरी आता असं ठामपणे वाटतं.

जपानीत अशा माणसाला एक शब्द आहे. ‘मिक्का बोझु’, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू. मठात गेला आणि चौथ्या दिवशी परत आला तो. आपण नव्याचे नऊ दिवस म्हणतो. माझे तर सातशेच्या वर दिवस झाले होते, तरी मला तो शब्द आपल्यालाच लागू आहे असं वाटत राहिलं.

जूनमध्ये एका प्रशिक्षणासाठी मी स्मरणाविषयी काही वाचत होते, आणि त्यात हेर्मान एबिंगहाउस भेटले. 1885 साली त्यांनी आपल्या प्रयोगांवरचं पुस्तक छापलं. प्रयोगाचा विषय ते स्वतःच. अर्थ नसलेली अक्षरं जोडून याद्या करायच्या, पाठ करायच्या, आणि काही काळाने पुन्हा पाठ करायच्या. माणूस किती झपाट्याने विसरतो याचा तो आलेख सगळ्यांना माहीत असतो. पण त्यांनी मोजलं काय, हे मी पहिल्यांदाच नीट वाचलं. किती आठवतं हे त्यांनी मोजलं नाही. दुसऱ्यांदा पाठ करताना किती कष्ट वाचले, हे मोजलं. त्याला ते बचत म्हणतात. एका दिवसानंतर बचत सुमारे 34 टक्के. आणि 31 दिवसांनंतर? सुमारे 21. पहिल्या दिवसात दोन-तृतीयांश जातं, मग पुढच्या अख्ख्या महिन्यात जेमतेम 13 टक्के. आणि ही अर्थ नसलेल्या अक्षरांची गोष्ट. मी शिकलेल्या शब्दांना तर अर्थ होता, वाक्यं होती, पिवळा स्टिकर होता.

म्हणजे पाच महिन्यांत जे जायचं ते पहिल्या काही दिवसांतच गेलं होतं. उरलेलं तसंच पडून होतं आणि मी उगाच तिकडे जायला घाबरत होते.

त्या रात्री वही उघडली. काताकानाची अर्धी अक्षरं पुसून गेली होती. पहिल्यांदा त्यांना बारा दिवस लागले होते, या वेळी दोन दिवसांत परत आली. कार्डांचा कार्यक्रम उघडला तर 1140 कार्डं उजळणीसाठी थांबलेली. मी ती सगळी बाजूला सारली आणि दिवसाला वीस जुनी, नवं एकही नाही, असं ठरवलं. परत येणाऱ्याने थकबाकी फेडायला बसू नये. ती कधी फिटत नाही, आणि फेडता फेडता माणूस दुसऱ्यांदा निघून जातो.

मग ईमेल. मी तासभर शब्द जुळवले. कारणं लिहिली, खोडली. शेवटी एवढंच पाठवलं: उत्तर दिलं नाही, माफ करा, सगळं विसरून गेले. ‘वासुरेते शिमाइमाशिता.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पहिला शब्द होता ‘ओकाएरी’. घरातलं माणूस बाहेरून परत आलं की दारात म्हणतात तो शब्द. आलीस का, ये, यातला. आणि त्याखाली लाल रंगात एक ओळ: ‘शिमाउ’ अगदी योग्य जागी वापरलंत.

सगळं विसरले असं सांगणारं वाक्य मी बिनचूक लिहिलं होतं. मी स्टाफरूममध्ये बसून ते तीनदा वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रश्न उरला कानाचा. पाठ्यपुस्तकाबरोबरच्या संवादांचा मला कंटाळा आला होता. त्यांतली माणसं एकमेकांना सतत स्टेशन कुठे आहे हे विचारतात. मालिका लावून बघितल्या, एक शब्द हाती लागेना. मग त्या बाईंनीच एका पत्रात सहज लिहिलं की त्या राहतात त्या कानाझावात आज पुन्हा पाऊस आहे. तिकडे म्हणे एक जुनी म्हणच आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. मी विचार केला, यांच्या गावचं हवामान रोज ऐकू या. उद्या या बाईंकडे पाऊस आहे की नाही, एवढं तरी मला स्वतःच्या कानांनी कळलं पाहिजे.

हवामानाच्या बातम्यांसारखा शिक्षक नाही, हे मी आज शपथेवर सांगेन. तीन-साडेतीन मिनिटं. तेच साठ-सत्तर शब्द, रोज वेगळ्या क्रमाने. बोलणाऱ्याचा उच्चार स्वच्छ. समोर नकाशा असतो, आकडे असतात, त्यामुळे अंदाज बांधता येतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे उद्या ते खरं ठरलं का हे बघावंसं वाटतं.

आमच्या लॅबमध्ये एक जुना हाताने दाबायचा काउंटर आहे. टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचा, प्रत्येक पट्टी एका जातीच्या पेशीसाठी. डोळा मायक्रोस्कोपला, बोटं काउंटरवर, न्यूट्रोफिल दिसला की ही पट्टी, लिम्फोसाइट दिसला की ती. एकूण शंभर भरले की आतली बारीक घंटा वाजते, टिंग, आणि आपण थांबतो. बहुतेक काउंट अनालायझरच करतो आता, त्यामुळे तो बराच काळ खणात पडून होता. मी तो मधल्या सुट्टीत घ्यायला लागले. कानात बातम्या, बोट एका पट्टीवर. शब्द कळला की दाब.

पहिल्या दिवशी चार. आमे, पाऊस. कुमोरी, ढगाळ. कीता, उत्तर. आणि पुन्हा एकदा आमे. मी वहीत तारीख टाकून लिहिलं, आज चार शब्द कळले. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी परत चार. तीन आठवड्यांनी एकतीस.

आठवडाभर एक शब्द मला छळत होता. प्रत्येक बातमीपत्रात सुरुवातीला ‘आसु’ असं काहीतरी यायचं. पुस्तकात उद्याला मी ‘आशिता’ शिकले होते. बातम्यांत त्याच उद्याला ‘आसु’ म्हणतात, हे जेव्हा कळलं तेव्हा एका झटक्यात अर्धी वाक्यं उलगडली. परीक्षेत अशाच कशाकशावर माझे गुण गेले असणार.

मग बारकावे दिसायला लागले. ‘हारे नोची कुमोरी’, आधी स्वच्छ, नंतर ढगाळ. ‘तोकोरो नि योरी’, काही ठिकाणी. ‘निवाका आमे’, अचानक येणारी सर. ‘तोकिदोकी’ म्हणजे अधूनमधून, पण हवामानाच्या भाषेत त्याला माप आहे. पाऊस तुटक तुटक पडणार आणि सगळा मिळून अंदाजाच्या काळाच्या निम्म्यापेक्षा कमी वेळ, तर तोकिदोकी. सलग पण पाव हिश्शापेक्षा कमी वेळ, तर ‘इचिजी’. मी आयुष्यभर टक्क्यांत आणि मर्यादांत रिपोर्ट लिहिणारी बाई, मला हे वाचून जो आनंद झाला तो कसा सांगू! एका साध्या ‘अधूनमधून’मागे कुणीतरी इतका विचार केलाय.

भाषाशिक्षणातल्या प्रेरणेवर आयुष्यभर काम केलेले झोल्तान दॉर्नेई यांनी 2005 मध्ये एक मांडणी केली. भाषा शिकणाऱ्याच्या मनात भविष्यातल्या स्वतःचं एक चित्र असतं, ती भाषा बोलणाऱ्या स्वतःचं, आणि ते चित्र जितकं स्पष्ट आणि आपलं, तितकं ते खेचून नेतं. मला हे पटतं, आणि माझं कुठे बिनसलं तेही यातून कळतं. माझ्या मनातलं चित्र उसनं होतं. त्यात मी फाडफाड जपानी बोलत होते, समोर कुणीतरी थक्क होत होतं. मला मुळात तसं बोलायचंच नव्हतं. माझं खरं चित्र केवढंसं आहे. झाकण उघडलंय, मी वाचतेय, आणि मला कळतंय.

आमच्याकडची एक शिकाऊ मुलगी मला कानात बातम्या लावून पट्टी दाबताना बघायची. एकदा तिने विचारलंच.

“ताई, जपानला जाणार आहात का?”

“नाही गं.”

“मग तिकडची नोकरी वगैरे?”

“नाही.”

“मग उपयोग काय?”

हा प्रश्न मला तीन वर्षांत पुष्कळांनी विचारलाय, आणि दर वेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. मेंदूला व्यायाम होतो, असलं काहीतरी. त्या दिवशी तिच्यासमोर स्लाइड लावलेलीच होती. मी म्हटलं, “डावीकडची पेशी कुठली?”

“मोनोसाइट.”

“आणि तिच्या खालची?”

“लिम्फोसाइट. मोठा आहे, पण लिम्फोसाइटच.”

“पहिल्या महिन्यात ओळखला असतास?”

ती हसली. “रडले होते मी, आठवतंय ना तुम्हाला?”

“मग ओळखायला लागलीस त्या दिवशी कसं वाटलं?”

ती काही बोलली नाही, पण परत भिंगाला डोळा लावताना तिचा चेहरा मी पाहिला. मला ते हवंय, मी म्हटलं. तेच परत एकदा.

2025 च्या मार्चमध्ये, एका साध्या मंगळवारी, बातम्या ऐकता ऐकता काउंटरची घंटा वाजली. टिंग. शंभर. बातम्या अजून संपल्या नव्हत्या. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं, आता हाताने कुणाचा काउंट चाललाय म्हणून. मी काउंटर खणात ठेवला. त्यानंतर तो काढलेला नाही. शब्द मोजायला लागले की वाक्य निसटतं, आणि मला आता वाक्यं ऐकू यायला लागली होती.

त्या जुलैत एन-4 पुन्हा दिली आणि पास झाले. ऐकण्यात 41. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

अजूनही काही आठवडे कोरडे जातात. ड्यूट्या लागतात, घरात कुणी आजारी असतं, चार-पाच दिवस पुस्तक उघडत नाही. पूर्वी मी त्या दिवसांचा हिशोब ठेवायचे. आता सहाव्या दिवशी बातम्या लावते आणि त्या गावात पाऊस आहे का ते बघते.

गेल्या आठवड्यात रात्री सांगितलं, उद्या सकाळी स्वच्छ, नंतर पाऊस, काही ठिकाणी गडगडाट. बाई शुक्रवारी वाचनालयात जातात, हे मला माहीत होतं. मी फोन घेतला आणि लिहिलं, ‘आसु वा आमे देसु. कासा ओ मोत्ते इत्ते कुदासाइ.’ उद्या पाऊस आहे, छत्री घेऊन जा. कीबोर्डने अक्षराचे पर्याय पुढे केले. मी डावी बाजू बघितली. हात होता. पाठवून दिलं.

सकाळी उत्तर आलं होतं. छत्री घेतली आहे.